अपुऱ्या दिवसांचे बाळ, त्याचा श्वास आणि ‘ड’ जीवनसत्त्व



काल याच व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर रसाळ व्याख्यान ऐकलेत आणि उद्या सहकारी साखर कारखान्यांविषयी ऐकणार आहात. या दोन गोड विषयांच्या मध्ये चालकांनी आम्हांला उभे केले आहे. आमच्या विषयाचे नाव पत्रिकेत छापून आले तेव्हा घरच्याच मंडळींनी विचारले की, हे ऐकायला येणार कोण? आपण आलात, आणि वैशाखाच्या उकाड्यात आलात, याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो. कारण शेवटी आभार मानण्याइतका वेळ आमच्यासारख्यांच्या हाती उरत नाही.

आरंभ एका गोष्टीने करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या नवजात अर्भकांच्या विभागात एक मुलगी आली. गर्भाचे पुरे दिवस चाळीस आठवड्यांचे. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला आम्ही अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. ही एकतिसाव्या आठवड्यातच आली होती. वजन १ किलो ४०० ग्रॅम. अर्ध्या तासाच्या आत ती कण्हू लागली. प्रत्येक श्वासाबरोबर नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाऊन खळगे पडत होते. ज्यांनी हे दृश्य एकदा पाहिले आहे ते विसरत नाहीत. एवढासा जीव, आणि नुसता श्वास घेण्यासाठी डोंगर चढणाऱ्या हमालासारखे कष्ट!

मुलगी निभावली. तिसऱ्या आठवड्यात, धोका टळल्यावर, तिचे वडील हातात एक कागद घेऊन आमच्यापुढे उभे राहिले. एस.टी.त वाहक असलेला तो साधा, नेटका माणूस होता. कागद आमच्याच प्रयोगशाळेचा होता. त्यावर मुलीच्या रक्तातल्या ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी लिहिली होती : दर मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली गेले की साधारणपणे कमी म्हणतात आणि बाराच्या खाली गेले की फारच कमी. शिवाय कुणा नातेवाईकाने त्यांना मोबाइलवर मजकूर पाठवला होता की, ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांना श्वासाचा त्रास अधिक होतो. त्यांनी हळू आवाजात विचारले, “साहेब, हिने पोटुशी असताना उन्हात बसायला हवे होते का?”

दाराशी मुलीची आई उभी होती आणि तिच्या मागे आजी. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी सुनेकडे पाहिले.

आम्ही घाईत होतो. “तसे काही नसते हो,” एवढेच म्हणून पुढच्या खाटेकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते आणि थोडे उद्धटही होते. त्या गृहस्थांचा प्रश्न खरा होता. गेली कित्येक वर्षे जगभरचे बालरोगतज्ज्ञ त्याच प्रश्नाशी झटत आहेत. त्या दिवशी जे उत्तर आम्ही दिले नाही ते आज आपल्यापुढे मांडतो आहोत.

त्यासाठी आधी श्वासाकडे पाहू. पोटातल्या बाळाचे फुप्फुस द्रवाने भरलेले असते. त्याला प्राणवायू पुरवते ती आईची वार. जन्मताच पहिल्या रडण्याबरोबर हा द्रव बाजूला सरून त्या जागी हवा शिरली पाहिजे. हवा जिथे रक्ताला भेटते ते वायुकोश म्हणजे डोळ्यांना न दिसणारे इवलेसे फुगे, आणि ते आतून ओले असतात. ओल्या फुग्याची खोड ही की, पाण्याचा पृष्ठभाग सदा आक्रसू पाहतो. फुगा जितका लहान तितका आतल्या हवेवर दाब मोठा. म्हणून नुसत्या पाण्याने ओला झालेला वायुकोश श्वास सोडताच मिटून जायला हवा, आणि पुढचा श्वास घेताना तो पुन्हा मुळापासून उघडावा लागायला हवा. तसे होत नाही; कारण वायुकोशांच्या आतल्या बाजूस एक स्निग्ध लेप असतो. सर्फॅक्टंट हे त्याचे शास्त्रीय नाव. आज आपण त्याला लेपच म्हणू. लहानपणी आपण रिठ्याच्या पाण्याचे फुगे उडवले असतील. साध्या पाण्याचा फुगा टिकत नाही, रिठ्याचा टिकतो. रिठा पाण्यात जे करतो तेच काम हा लेप फुप्फुसात करतो.

हा लेप तयार करणाऱ्या पेशी साधारण चोविसाव्या आठवड्यापासून कामाला लागतात. पण बाळाला पुरेल इतका साठा जमतो तो चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या सुमारास. त्याच्या आत जन्म झाला तर वायुकोश मिटतात आणि बाळ कण्हते. ते कण्हणे हीसुद्धा एक युक्तीच आहे. घसा अर्धवट आवळून बाळ थोडी हवा आत अडवून धरते. आपल्याकडे म्हणतात की सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही. आजींच्या सांगण्यातले पुष्कळ खरे असते. हे मात्र खरे नाही. गर्भात मिळालेला एकेक आठवडा फुप्फुसाच्या कामी येतो, आणि आठव्यातल्या बाळाचे बळ सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते.

हे एवढे कळायला किती काळ लागला, तेही ऐकण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी १९२९ साली दाखवले की, फुप्फुस हवेने फुगवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा पुष्कळ कमी जोर ते द्रवाने भरायला लागतो. म्हणजे अडचण फुप्फुसाच्या मांसात नसून ओल्या पृष्ठभागात आहे. पंचवीसएक वर्षे त्यांच्या या शोधाकडे कुणी फारसे पाहिले नाही. पुढे १९५५ साली इंग्लंडात रिचर्ड पॅटल यांना फुप्फुसातल्या फेसाचे बुडबुडे चमत्कारिक टिकाऊ असल्याचे आढळले, आणि १९५७ साली अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स यांनी त्या लेपाचा गुण मोजून दाखवला. तरीही मुलांचा रोग आणि हा लेप यांची गाठ पडली नव्हती. मृत बाळांच्या वायुकोशांत गुलाबी पापुद्रा सापडे, म्हणून पापुद्र्यालाच रोगाचे कारण मानण्यात आले होते. बाळाने काहीतरी श्वासाबरोबर आत ओढले असावे असा तर्क चाले. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले की, जे आहे त्यात रोग नाही, जे नाही त्यात आहे. या बाळांच्या फुप्फुसांत तो लेपच पुरेसा नसतो. पापुद्रा हा इजा झाल्यावर येणारा परिणाम होता. ही पापुद्र्याची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. थोड्या वेळाने तिच्याकडे परत यायचे आहे.

कारण कळले म्हणून उपाय लगेच हाती आला असे नाही. १९६३ साली ७ ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी आलेला, पण वजनाने २ किलोच्या वर. असे बाळ आज आमच्याकडे आले तर आम्ही त्याच्या आईबापांना धीर देऊ. बलाढ्य राष्ट्राचा अध्यक्ष, बोस्टनचे नामांकित रुग्णालय, अधिक दाबाच्या प्राणवायूची खास कोठी. एवढे सगळे असूनही ते मूल ९ ऑगस्टला गेले. त्याचे आयुष्य ३९ तासांचे.

आता ‘ड’ जीवनसत्त्वाकडे वळू. याची ओळख झाली ती श्वासामुळे नव्हे, हाडांमुळे. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, टाळू भरत नाही, त्या रोगाला आपण मुडदूस म्हणतो. १९१९ साली लंडनमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्याच्या पिलांना विशिष्ट आहार देऊन मुडदूस आणला आणि कॉडलिव्हर तेलाने तो टाळता येतो हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या किरणांत ठेवून बरे केले. एकाचा उपाय तेल, दुसऱ्याचा उजेड. मग रोग अन्नाचा की उन्हाचा?

या वादात आपल्या महाराष्ट्राची साक्ष निघाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातली मुले पाहून १९२२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. गरीब, शेतात राबणाऱ्या कुटुंबांचे जेवण कदान्नाचे, दूधतुपाचा पत्ता नाही; तरी त्यांच्या मुलांत मुडदूस जवळजवळ नव्हता. उलट खाऊनपिऊन सुखी अशा घरांत, जिथे आई आणि तान्हे मूल महिनोन्महिने पडद्याआड किंवा आतल्या खोलीत असत, तिथे तो भरपूर होता. गरिबाच्या मुलाला उन्हाने तारले होते. पुढे उलगडा झाला की दोन्ही पक्ष बरोबर होते. तेलातून मिळते तेच द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी आपली कातडी स्वतः तयार करते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींना ती बाळंतिणीची खोली आठवत असेल. खिडकीला फडके, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि सव्वा महिना बाहेरचे वारे नको. बाळंतिणीला ऊब आणि विसावा मिळावा हा त्यातला हेतू चांगला होता. अंधार आणि धूर मात्र त्याच्याबरोबर फुकट मिळत. आज त्या खोल्या गेल्या. पण त्यांच्या जागी आलेल्या सदनिकांत, कार्यालयांत आणि काचबंद गाड्यांत ऊन तितकेच कमी झाले आहे. काचेतून येणारे ऊन अंगाला तापवते, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. कोवळ्या सकाळच्या उन्हातही हे किरण थोडेच असतात. २००५ साली लखनौकडच्या २०७ गर्भवतींची तपासणी प्रसिद्ध झाली. दर मिलिलिटरला २२.५ नॅनोग्रॅम ही सीमा धरली, तर शेकडा ८४ जणी तिच्या खाली होत्या. त्यांत शहरातल्या होत्या तशा खेड्यांतल्याही होत्या. एवढे लखलखीत ऊन असलेल्या देशात ही स्थिती!

बाळाचा साठा येतो आईकडूनच. आईच्या रक्तातली पातळी जेवढी, तिच्या साधारण अर्ध्यापासून तीनचतुर्थांशापर्यंत नाळेच्या रक्तात सापडते. गर्भाच्या अंगावर चरबी धरते आणि पुष्कळ गोष्टींची साठवण होते ती शेवटच्या तीन महिन्यांत. जे बाळ कोठार भरण्याआधीच निघून आले, त्याची शिदोरी अपुरीच असणार. जन्मानंतर आईचे दूध हे त्याचे अमृत खरे. पण त्यात ‘ड’ जीवनसत्त्व अगदी थोडे असते.

इथे दोन धागे एकत्र येतात. लेप तयार करणाऱ्या पेशींवर ‘ड’ जीवनसत्त्वाला ओळखणारे ग्राहक असतात. पांढऱ्या उंदरांच्या गर्भावर केलेल्या प्रयोगांत आढळले की, या जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप मिळाले म्हणजे त्या पेशी आपल्याजवळची साठवलेली साखर वापरून लेपातली स्निग्ध द्रव्ये अधिक करू लागतात. पुढे २०११ साली असे दिसले की, हे जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या पिलांची फुप्फुसेच आकाराने लहान राहतात. मग डॉक्टर बाळांकडे वळले. तुर्कस्तानातून २०१३ साली एक निबंध आला आणि २०१५ साली दुसरा. ज्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांना श्वासाचा त्रास झाला, किंवा ज्यांना आठवडेच्या आठवडे प्राणवायू लागून फुप्फुसाचा जुनाट विकार जडला, त्यांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व इतरांपेक्षा कमी आढळले. इतर देशांतूनही तशी निरीक्षणे आली. त्या वाहकबंधूंच्या मोबाइलवर जे पोचले ते या निरीक्षणांचे शेवटचे, धारदार झालेले टोक.

मग झाले तर! उंदरांत दिसले, बाळांत दिसले, आता थेंब पाजा. असे वाटणे साहजिक आहे. पण पावसाळ्यात रस्त्याने जाताना आपण काय पाहतो? ज्या दिवशी छत्र्या उघडलेल्या असतात त्याच दिवशी रस्त्यात चिखल असतो. वर्षभर मोजून ठेवले तरी हा मेळ चुकायचा नाही. म्हणून छत्र्यांनी चिखल होतो असे आपण म्हणत नाही. कारण पाऊस आपल्या डोळ्यांना दिसतो. इथला पाऊस म्हणजे बाळाचे लवकर येणे. जे जितके लवकर आले तितका त्याचा लेप कमी, आणि तितकीच ‘ड’ जीवनसत्त्वाची शिदोरीही कमी. आईचे कुपोषण, तिची दुखणी यांनीही दोन्ही गोष्टी एकदम घडू शकतात. संशोधक हिशेबातून हे वेगळे काढण्याचा प्रयत्न करतात, पण पुरते निघत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व हे या रोगाचे कारण आहे की तो गुलाबी पापुद्रा आहे, एवढाच खरा प्रश्न.

त्याचा निवाडा एकाच रीतीने होतो. बाळांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, एकाला जीवनसत्त्व द्यायचे, दुसऱ्याला नाही किंवा कमी द्यायचे, आणि वाट पाहायची. अशा परीक्षा झाल्या आहेत. अमेरिकेत तेविसाव्या ते सत्ताविसाव्या आठवड्यांत जन्मलेल्या शंभर बाळांवर झालेली एक परीक्षा २०१६ साली प्रसिद्ध झाली. काहींना नुसते औषधासारखे दिसणारे थेंब, काहींना रोज २०० एकके, काहींना ८००. पहिल्या अठ्ठावीस दिवसांत श्वासाच्या यंत्राशिवाय किती दिवस गेले हे मोजले, तर तिन्ही गटांत फरक निघाला नाही. ज्यांना श्वासाची ओढ सर्वांत मोठी, त्यांच्या त्या कठीण महिन्यात थेंबांनी काही साधले नाही. आणि विचार केला तर त्यात नवल नाही. बाळ कण्हू लागते पहिल्या तासात. थेंब पोटात जाऊन त्यांचा उपयोग व्हायला दिवस लागतात. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही त्या वाहकबंधूंना दिलेलेच उत्तर पुन्हा दिल्यासारखे होईल. २०१८ साली अमेरिकेतच, अपुऱ्या दिवसांच्या ३०० कृष्णवर्णीय बाळांची परीक्षा प्रसिद्ध झाली. एका गटाला सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज ४०० एकके दिली. दुसऱ्या गटात दुधातून थोडेफार मिळू लागले की थेंब थांबवले. वर्षाच्या आत छातीत वारंवार घरघर होण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ३१.१ होते आणि दुसऱ्यात ४१.८. हा फरक लहान नाही. जन्माच्या वेळचा श्वास नव्हे, तर पुढच्या वर्षाचा श्वास यातून थोडा सुधारला. सावळ्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व सावकाश तयार होते, म्हणून आपल्याला हे अधिक जवळचे वाटावे. तरी आपली मुले, आपला आहार, आपल्याकडचे संसर्ग निराळे आहेत. दिल्लीत पुऱ्या दिवसांच्या पण कमी वजनाच्या २,०७९ बाळांना दर आठवड्याला १,४०० एकके देऊन पाहिले, त्याचा निष्कर्ष २०११ सालचा. त्यांची वाढ सुधारली. मृत्यू आणि रुग्णालयात भरती करावी लागणारी दुखणी मात्र कमी झाली नाहीत. आणि गर्भवतींना जास्त मात्रा दिली तर मुलांचा दमा टळतो का, या अमेरिकेतल्या मोठ्या परीक्षेत तीन वर्षांच्या वयाला थोडी आशा दिसली होती, ती सहाव्या वर्षापर्यंत, २०२० च्या निष्कर्षात, टिकली नाही.

आम्हांला विचाराल तर आमचे मत असे : पहिल्या दिवसांच्या कण्हण्याचे मूळ ‘ड’ जीवनसत्त्वात नाही. ते लेपात आहे आणि लेप आठवड्यांच्या हिशेबाने येतो. गर्भाच्या फुप्फुसाच्या घडणीत या जीवनसत्त्वाचा थोडा हात असू शकेल. त्याची किंमत एवढीच की गर्भवतीची पातळी चांगली असावी, जी तिच्या स्वतःच्या हाडांसाठीही असायला हवी. यापलीकडे आज कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्या हातात विकायची बाटली आहे का ते आधी पाहावे.

बाटलीचे नाव निघाले म्हणून मात्रेविषयी बोलतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ‘ड’ जीवनसत्त्व द्यायचे की नाही, यात वाद नाही, हाडांसाठी द्यायचेच. दीड किलोच्या आतल्या, आईच्या दुधावरच्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत रोज ४०० ते १,००० एकके, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. दिल्लीतल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ४०० आणि ८०० एककांची तुलना करून २०१४ साली दाखवले की, बाळाचे चाळीस आठवडे भरण्याच्या सुमारास कमतरता उरली ती ४०० एकके घेणाऱ्यांत शेकडा ६६.७ जणांना आणि ८०० घेणाऱ्यांत ३८.१ जणांना. हाडांत साठलेल्या खनिजांत मात्र फरक पडला नव्हता. किती द्यायचे ते आपल्या डॉक्टरने बाळाच्या वजनाकडे आणि दुधाकडे पाहून ठरवावे.

आता दुकानात काय मिळते? एका कंपनीच्या थेंबांत एका मिलिलिटरला ४०० एकके, दुसरीच्यात ८००. आणि मोठ्या माणसांची ती पुडी, जी आज घरोघरी आहे, तिच्यात ६०,०००. हिशेब करून पाहा : ४०० एककांच्या मानाने ती पुडी बाळाचा दीडशे दिवसांचा रतीब झाली. एका घरी आजोबांच्या पुडीतले ‘चिमूटभर’ नातवाला दर दोन दिवसांनी दिले जात होते. बाळाला ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, वजन वाढेना. सगळे म्हणत होते की दूध पचत नाही. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, पाहिल्यावर उलगडा झाला. देणाऱ्याचे प्रेम खोटे नव्हते, चिमूट खोटी होती. एका घराचे सोडा, एक अख्खा देश या फेऱ्यातून गेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत, पेजेच्या पिठात, शिवाय कॉडलिव्हर तेलातून असे तिहेरी ‘ड’ जीवनसत्त्व जात होते. रक्तात कॅल्शियम वाढलेली, खंगणारी बाळे दिसू लागली, तेव्हा १९५७ साली सरकारला ते प्रमाण उतरवावे लागले.

जे निश्चित उपयोगी पडते त्याची जाहिरात फारशी होत नाही; म्हणून तेही भराभर सांगून टाकतो. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात लिगिन्स आणि हौई यांनी १९७२ साली दाखवले की, दिवस भरण्याआधी कळा येऊ लागलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाचे फुप्फुस लवकर पिकते. आपल्या देशात यासाठी डेक्सामेथासोन वापरतात : ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा. औषध जुने आणि अगदी स्वस्त. भारतासह पाच देशांत झालेल्या परीक्षेचा निष्कर्ष २०२० साली आला : बाळाच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर उतरले. दुसरी युक्ती १९७१ ची, जॉर्ज ग्रेगरी यांची : बाळ कण्हून जी हवा अडवते ती नळीनेच अडवून धरायची. त्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात पाचसहा सेंटिमीटर बुडवले की बुडबुडे येतात आणि वायुकोश उघडे राहतात. लेपच औषध म्हणून फुप्फुसात सोडण्याचे काम जपानात फुजिवारा यांनी १९८० साली दहा बाळांवर यशस्वी करून दाखवले. केनेडींच्या मुलाला हे सतरा वर्षे उशिरा झाले. आणि यंत्राशिवायचा उपाय म्हणजे आईची छाती. बाळाला उघड्या अंगाने आईच्या उराशी बांधून ठेवण्याची रीत १९७८ साली कोलंबियात बोगोटा येथे सुरू झाली. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच तसे ठेवले, तर मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर येतात, हे २०२१ साली सिद्ध झाले. त्या परीक्षेत दिल्लीचे रुग्णालय होते. आईचे दूध अपुरे पडले तर दुसऱ्या आईचे मिळावे म्हणून मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी काढली. अशी पेढी आशियात पहिलीच.

२०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख आपल्या देशात. यांतल्या किती आयांना कळा सुरू होताच ते इंजेक्शन वेळेवर मिळाले असेल? आमचा जीव तुटतो तो तिथे. रक्ताच्या महागड्या तपासण्यांसाठी कर्ज काढणारे बाप आम्ही पाहिले आहेत. पण दिवस भरण्याआधी पोटात दुखू लागले तर दुखणे दडपून घरी थांबायचे नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे घरातल्या सुनेला सांगून ठेवणारी सासू आम्हांला क्वचितच भेटते.

आता त्या मुलीकडे परत येतो. आम्ही “तसे काही नसते” म्हणून निघून गेलो, पण दुपारभर त्या आजींची नजर मनातून जाईना. संध्याकाळी तिघांनाही बसवून घेतले आणि आज आपल्याला सांगितले तेच थोडक्यात सांगितले. वडिलांना सांगितले की, मुलीचा श्वास अडला तो तिच्या लवकर येण्यामुळे. ही पातळी कमी आहे तीही बव्हंशी त्याचमुळे, आणि ती थेंबांनी भरून निघेल. आईला सांगितले की, तुम्ही उन्हात बसला असतात तर तुमच्या हाडांना बरे झाले असते, पण त्यामुळे ही मुलगी कण्हली नसती असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्यांनी विचारले, “मग ही लवकर का आली?” या प्रश्नाला पुष्कळदा वैद्यकाकडे उत्तर नसते. त्यांच्या बाबतीतही आमच्याकडे नव्हते, आणि तसे आम्ही सांगितले.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, हिनं काहीतरी चुकवलं.” मग थोड्या थांबून म्हणाल्या, “माझा पहिला असाच गेला होता. तेव्हा सगळ्यांनी मलाच म्हटलं होतं.” सुनेने ते पहिल्यांदाच ऐकले असावे.

मुलगी सत्तेचाळिसाव्या दिवशी घरी गेली. वजन १ किलो ९५० ग्रॅम. थेंबांची बाटली ८०० एककांची होती, तिला द्यायची होती ४००. म्हणून आमच्या परिचारिकेने ड्रॉपरवर अर्ध्या मिलिलिटरच्या खुणेशी पक्क्या शाईची रेघ ओढून दिली. ती रेघ आजींनी चष्मा लावून नीट पाहिली, आणि बाटली सुनेच्या पिशवीत न ठेवता स्वतःच्या पिशवीत ठेवली.